कणगीकरांचं बारसं

"कार्य कोणतं?" मगदूम तात्यांनी विचारलं आणि पेनाचं टोपण काढून फॉर्म पुढे ओढला.

फॉर्मवर सात चौकोन होते. लग्न, साखरपुडा, मुंज, डोहाळजेवण, बारसे, षष्ट्यब्दी आणि इतर. सांगलीच्या शुभघटिका मंगल कार्यालयाच्या मते माणसाच्या जन्मात याहून वेगळं काही घडत नसावं. मी मांडीवरच्या बाळीला एका हाताने थोपटत सांगितलं की आमचं चाहत्यांचं संमेलन आहे.

"कुणाच्या चाहत्यांचं?"

"'कणगी' मालिकेच्या. वीस वर्षांपूर्वी टीव्हीवर लागायची, रविवारी सकाळी."

"कणगी म्हणजे धान्य साठवायची?"

"हो. तिच्यात बसून तीन मुलं मंगळावर जातात."

तात्यांनी पेनाला टोपण परत लावलं. थोडा वेळ ते माझ्याकडे आणि थोडा वेळ बाळीकडे बघत राहिले. मग म्हणाले की हे 'इतर'मध्ये जाईल, आणि इतरचा दर पंचेचाळीस हजार.

मी विचारलं, इतरलाच एवढे का. त्यावर त्यांनी गेल्या दिवाळीतली हकिकत सांगितली. एकाने फॉर्मवर डोहाळजेवण लिहून हॉल घेतला आणि आत घरबसल्या पैसे दुप्पट करायच्या योजनेची सभा भरवली. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळा थाट. पण योजना जाहीर झाल्यावर ती गरोदर बाई टाळ्या वाजवायला उठली आणि पोटावरची उशी जमिनीवर पडली. "तवापास्नं मी प्रत्येक कार्य डोळ्यांनी बघतो," तात्या म्हणाले. "आनि ज्याचं कार्य मला कळत न्हाई, त्याला पंचेचाळीस."

माझ्याकडे सगळं मिळून अठ्ठेचाळीस हजार होते. त्यात एकशे ऐंशी माणसं जेवायची होती.

"बारशाला किती?" मी विचारलं.

"चौदा. नऊ ते चार. स्वयंपाकघर, पाळणा आणि फाटकावरचा नावाचा फलक धरून."

"मग बारसं लिहा."

"कुनाचं?"

नेमकं त्याच वेळी बाळीने तात्यांच्या फॉर्मवर दूध काढलं. "हिचं," मी म्हणाले.

तात्यांनी दुसरा फॉर्म काढला. पोरगी किती महिन्यांची, त्यांनी विचारलं. पाच, मी सांगितलं. पाच महिने पोर बिननावाची ठेवली का, हा त्यांचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त होता. बाळी दीड महिना आधी जन्मली. तीन आठवडे दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. बाराव्या दिवशी पाळणा हलवायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. ती घरी आली तेव्हा नावाचा मान आत्याचा म्हणून सगळे थांबले. आत्या म्हणजे माझ्या वन्सं मस्कतला. त्यांनी तिकडच्या एका अंकशास्त्रवाल्याला गाठलं होतं आणि तो दर पंधरवड्याला एकेक अक्षर बाद करत होता.

"बारसं म्हंजे बारसं," तात्या म्हणाले. "आधी मंगळावर जावा न्हाईतर शनीवर. पन बारा वाजता पाळना हलला पायजे आनि पोरीचं नाव मला माझ्या कानानं ऐकू आलं पायजे. न्हाई आलं, तर दर इतरचा, आनि पैसे येईपत्तूर वीज बंद. फलकावर नाव काय घालू?"

"अजून ठरायचंय."

"आदल्या दिवशी कळवा. अक्षरं लावायला मानूस लागतो."

मी सही केली. बारशाला एकशे ऐंशी माणसं कशी, हे त्यांनी शेवटी विचारलंच. गोतावळा मोठा आहे, मी सांगितलं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली.

गोतावळा खरंच मोठा होता. आम्ही स्वतःला कणगीकर म्हणवायचो. लातूरचा एक दंतवैद्य, नांदेडच्या दोघी बहिणी, डोंबिवलीचे पाच-सात अभियंते. संगणकावरच्या एका गटात सगळे जमले होते. गट मी सुरू केला होता, लग्नाआधी. बाळंतपणाला चार महिने गटाकडे बघायला झालं नाही आणि परत येऊन बघते तर तिथे कार्यकारिणी झालेली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, दोन कार्याध्यक्ष. अध्यक्ष हेर्लेकर सर. महाविद्यालयात वाणिज्य शिकवायचे. त्यांनी माझं मोठ्या मनाने स्वागत केलं आणि सांगितलं की वहिनी, तुम्ही आता घरात अडकलेल्या, तर तुम्हाला हलकं काम देऊ. हलकं काम म्हणजे अंदाजपत्रक, हॉल, जेवण, ध्वनियंत्रणा आणि सगळे करार. जड काम सरांनी स्वतःकडे घेतलं होतं. ते म्हणजे स्वागताध्यक्षाच्या भाषणाआधी बोलायचं की नंतर.

सहाशे रुपयांप्रमाणे एकशे ऐंशी तिकिटं विकली गेली. एक लाख आठ हजार. मी अंदाजपत्रक करून सरांना पाठवलं तेव्हा त्यांचा फोन आला. यात साठ हजार धरायचे राहिलेत, म्हणाले. ते त्यांनी आधीच दिले होते, रणधीर भोसेकरला.

भोसेकर म्हणजे मालिकेतला बबन. तेव्हा आठ वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला. आता त्याचे सगळे दात एकसारखे पांढरे होते आणि तो कुठल्याशा नाचाच्या स्पर्धेत परीक्षक होता. मानधन एक लाख, त्यातले साठ आगाऊ. उरलेले चाळीस प्रायोजक देतील, असं सरांचं म्हणणं. प्रायोजक एकच होता, तुपाचा व्यापारी, आणि त्याने पैशांऐवजी फलक छापून देतो म्हटलं होतं.

करार अकरा पानी होता. बाळी रात्री दूध पिता पिता झोपायची आणि माझा हात तिच्याखाली अडकायचा. त्या अवस्थेत दुसऱ्या हाताने जे धरता येईल ते वाचायचं, अशी मला सवय लागली होती. एरवी औषधाच्या बाटलीवरचं वाचायची, त्या रात्री करार वाचला. पांढरे टॉवेल सहा. सोलून ठेवलेली डाळिंबं. चाहत्यांनी दोन हात अंतरावरून बोलावं. नवव्या कलमापाशी मी थांबले. कलाकाराला चित्रीकरणाच्या तारखा आडव्या आल्यास तो चित्रफितीद्वारे शुभेच्छा देईल आणि ती उपस्थिती मानण्यात येईल. आगाऊ रक्कम परत मिळणार नाही.

सकाळी मी सरांना विचारलं, हे वाचलं होतं का.

"वहिनी, एवढा मोठा माणूस आपल्याकडे यायला तयार होतो, आणि त्याच्यासमोर कागद वाचत बसायचं? बरं दिसतं का ते?"

सर व्यापारी कायदा शिकवायचे. दुसऱ्या वर्षाला, अठरा वर्षं.

म्हणून चौदा हजाराचा हॉल. जेवण ताटाला एकशे तीस, म्हणजे तेवीस हजार चारशे. ध्वनियंत्रणेचे पाच. उरले पाच हजार सहाशे, आणि त्यात मला अजून एका बाईंना आणायचं होतं.

'कणगी'त एक यंत्र होतं. जुन्या रेडिओच्या खोक्याला बल्ब लावलेलं. मुलं त्याला यंत्रमावशी म्हणायची. प्रत्येक भागात उड्डाणाआधी बल्ब पेटायचा, खोक्यातून कुर्रर्र असा आवाज यायचा आणि मग मावशी विचारायची, "पाणी प्यालात का? शी-शू झाली का? मग उड्डाण." आमच्या पिढीतली निम्मी मुलं शाळेला निघताना हे म्हणायची. मालिकेच्या शेवटी सगळ्यांची नावं यायची, अगदी कणगी सारवणाऱ्या बाईचंसुद्धा. पण तिथे लिहिलेलं असायचं – यंत्रमावशी : स्वतः. निर्मात्याला ती गंमत वाटली होती. त्यामुळे तो आवाज कुणाचा, हे वीस वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. एका निवृत्त ध्वनिमुद्रकाने आमच्या गटावर सहज एका ओळीत नाव लिहिलं, तेव्हा कळलं की त्या बाई मिरजेतच राहतात. आपटीकर बाई. बालवाडीत शिकवायच्या.

मी सरांना सांगितलं. त्यांना आनंद झाला. त्यांनी अंदाजपत्रकात स्वतःच्या हाताने लिहिलं – आवाजवाल्या बाई : शाल, श्रीफळ. रुपये तीनशे.

मी मिरजेला गेले ती बाळीला घेऊनच. बाईंचं घर दोन खोल्यांचं, बाहेरच्या खोलीत ठेंगण्या खुर्च्या. बालवाडी बंद पडली तेव्हा त्यांनी त्या विकत घेतल्या होत्या. मला त्यातल्याच एका खुर्चीवर बसवलं. अडुसष्ट वर्षांच्या, सडसडीत, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. मी पाच हजार म्हणाले, आणि कमी आहेत म्हणून माफी मागायला लागले. त्यांनी हातानेच थांबवलं.

"तेव्हा भागाला साठ रुपये मिळायचे आणि रिक्षाभाडं. पाच हजार पुष्कळ झाले. लेखी देशील?"

"म्हणजे पावती?"

"करार गं. मला आजवर कुणी करार दिला नाही. नाटकवाल्यांनी नाही, रेडिओवाल्यांनी नाही. आपल्याच घरातल्या तुम्ही, तुम्हाला कशाला कागद, असं म्हणायचे. घरातली म्हटलं की माणूस फुकट होतं. तुला कळेल हळूहळू."

मला बरंच कळलेलं होतं. मी वहीचा कागद फाडला आणि त्यांनी सांगितलं तसं लिहीत गेले. मानधन, तारीख, वेळ दुपारी बारा. मग त्या म्हणाल्या, "आता कलम एक. आवाज ज्या व्यक्तीचा आहे, तिचं नाव कार्यक्रमाच्या जागी, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल."

"कलम दोन?"

"नाही. एकच."

तेवढ्यात बाळीने भोकाड पसरलं. मी सही करत होते, म्हणून बाईंनी तिला घेतलं, तोंड तिच्या कानाशी नेलं आणि म्हणाल्या, कुर्रर्र. बाळी गप्प. माझी सही अर्धीच राहिली. 

"हे यंत्रातून काढत नव्हते?"

"यंत्र कुठलं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगताना करतात तेच. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी त्यांचं यंत्र बिघडलं, तर मी हे केलं. त्यांना वाटलं फार शास्त्रीय आहे." त्यांनी बाळीची जिवणी पुसली. "नाव काय हिचं?"

"अजून नाही."

"मग आमच्यासारखीच," बाई म्हणाल्या आणि कराराची घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली.

संमेलनाच्या आदल्या दिवशी दुपारी तूपवाल्याचा फलक आला. बारा फूट लांब. डावीकडे भोसेकर, दातांसकट. उजवीकडे तुपाचा डबा. वर तूपवाल्याचे दिवंगत वडील, खाली तूपवाला स्वतः, आणि त्याच्या खाली रांगेने शुभेच्छुक, त्यात एक गॉगल घातलेला तीन वर्षांचा मुलगा. हेर्लेकर सर दोन ठिकाणी. मी फलकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. बाईंचं नाव मी मजकुरात लिहून दिलं होतं. ते नव्हतं.

सरांना फोन केला. जागा नव्हती, ते म्हणाले. ऐनवेळी तूपवाल्याने नातवाचा फोटो वाढवला, त्याला नाही कसं म्हणायचं.

"सर, मी करारावर सही केलीय. एकच अट आहे त्यांची."

"वहिनी, वहीच्या कागदाला करार म्हणत नाहीत. आणि मी भाषणात उल्लेख करीन की, आवाजाचाही काही वाटा होता म्हणून. घरच्याच आहेत त्या. समजून घेतील."

नवा फलक छापायला दीड हजार सांगत होते आणि माझ्याकडे सहाशे होते. त्यात उद्या रविवार, दुकान बंद. मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मार्करने नाव लिहून बघितलं. ते 'येथे थुंकू नये' यासारखं दिसायला लागलं. मी तो पुठ्ठा उलटा करून ठेवला.

रात्री सासूबाईंना सगळं सांगितलं. बारसं स्वस्तात होतंय म्हणून त्या आधीपासूनच माझ्या बाजूच्या. घुगऱ्या त्यांनीच भिजत घातल्या होत्या. पण नावाचं काय, त्या म्हणाल्या, आणि आम्ही मस्कतला फोन लावला. वन्संनी निर्णय कळवला. अंकशास्त्रवाला म्हणतो, मंगळवारपर्यंत कुठलंच नाव ठेवू नका.

सकाळी दहाला कणगीकर जमले. तिशी ओलांडलेली माणसं चांदीच्या कागदाची शिरस्त्राणं घालून एकमेकांना मिठ्या मारत होती. लातूरच्या दंतवैद्याने खरीखुरी कणगी टेम्पोतून आणली होती, शेणाने सारवून. ती मंचावर मधोमध ठेवली आणि तिच्याशेजारी तात्यांच्या माणसाने पितळी साखळ्यांचा पाळणा आणून टांगला. लोकांना तोही सजावटीचाच भाग वाटला.

अकरा वाजता भोसेकर आला. पडद्यावर आला. सर दारात हार घेऊन उभे होते तेव्हा त्यांच्या फोनवर ती चित्रफीत येऊन पडली. चाळीस सेकंदांची. तो व्यायामशाळेत होता. "नमस्कार सातारकर," म्हणाला, "तुमच्या प्रेमामुळेच मी आहे," आणि वजन उचलायला वाकला.

 सर माझ्याजवळ आले आणि हळूच विचारायला लागले की ते नववं कलम नक्की कसं होतं. मी त्यांना अकरा पानं हातात दिली. ते वाचायला बसले. बरं दिसत होतं.

पावणेबाराला मी बाईंना शोधायला उठले. दाराशी नव्हत्या, मंचामागे नव्हत्या. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर पर्स, हातात तिकीट. दारावरच्या कार्याध्यक्षाने त्यांना ओळखलं नाही. सहाशे रुपये मागितले आणि त्यांनी दिले.

मी खाली बसले. माझ्या पाकिटात नेमके सहाशे होते, ते त्यांच्या हातात ठेवले आणि फलकाचं सांगून टाकलं. बाईंनी वळून एकदा त्या बारा फुटांकडे बघितलं.

"तो गॉगलवाला मुलगा कोण?"

"तूपवाल्याचा नातू."

"बरं," बाई म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पर्स उघडली, चष्म्याची डबी बाहेर काढली आणि उघडली नाही. "मी बोलेन गं. लोक लांबून आलेत. कराराचं राहू दे, मला सवय आहे."

नेमके तेव्हा तात्या आले. धोतर, कोट, हातात नारळ. प्रत्येक बारशाला बाळाच्या आईला ओटीचा नारळ द्यायला ते स्वतः यायचे, त्यांच्या आईपासूनची रीत होती. दारात थांबून त्यांनी ती शिरस्त्राणं बघितली, कणगी बघितली, पाळणा रिकामा बघितला आणि घड्याळाकडे बोट केलं.

"बारा वाजले. पोरगी कुठाय?"

सासूबाईंनी बाळीला पुढे केलं. झबलं, कुंची, काजळ, सगळं नीट.

"नाव?"

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. तात्यांचा माणूस दारातल्या विजेच्या खोक्यापाशी जाऊन उभा राहिला होता. "फलक अजून कोरा हाय," तात्या म्हणाले. "सकाळपास्नं फाटकावर नुसतं 'चिरंजीव' लावून ठेवलंय. लोक मला हसत्यात."

मी दारातून फाटकाकडे बघितलं. विटांच्या दोन खांबांवर लाल मखमलीचा फलक, त्यावर हातभर उंचीची सोनेरी अक्षरं, रस्त्याच्या पलीकडून वाचता येतील अशी. तिथून आमच्या तूपवाल्याचा फलक दिसतसुद्धा नव्हता.

तिकिटाच्या मागे मी एक शब्द लिहिला आणि तात्यांच्या माणसाला दिला. सासूबाईंनी त्याच्या हातातून तो वाचला. मला वाटलं, आता इथेच तोंड सुटणार. त्या म्हणाल्या, "मस्कतला काय सांगायचं?"

"कळवू मंगळवारी."

"मग आत्या कोण?"

मी बाईंचा हात धरला आणि मंचाकडे निघाले. ही काय भानगड आहे, त्या विचारत होत्या. आपण आवाज, आपण कुणाची आत्या. मी सांगितलं की बाई, वेळ बाराची ठरलीय, करारात आहे. त्यावर त्या चालायला लागल्या.

बाळीला पाळण्यात घातलं. कणगीकरांना कुणी काही समजावून सांगितलं नाही. त्यांना वाटलं, छोटं नाटुकलं आहे. सर ध्वनिक्षेपकाकडे धावले, प्रास्ताविक करायला. सासूबाईंनी त्यांच्या हातात घुगऱ्यांचं पातेलं दिलं आणि ते धरून ते उभे राहिले, शेवटपर्यंत. मी ध्वनिक्षेपक पाळण्याच्या कडेला बांधला. मग बाईंच्या कानात नाव सांगितलं.

त्या एकदम ताठ झाल्या. "हे नको," म्हणाल्या, अगदी हळू. "जुनाट आहे. पोर शिव्या देईल तुला."

"देऊ दे."

बाईंनी पाळण्याची साखळी धरली. मग वाकल्या.

कुर्रर्र.

एकशे ऐंशी माणसं होती तिथे. एकाचीही खुर्ची वाजली नाही. नांदेडच्या बहिणींपैकी धाकटीने शिरस्त्राण काढून छातीशी धरलं. लातूरचा दंतवैद्य तोंड उघडं टाकून उभा होता आणि त्याला ते कळत नव्हतं.

"पाणी प्यालात का?" यंत्रमावशीने विचारलं.

"हो," सगळे म्हणाले. हसत नव्हतं कुणी.

"शी-शू झाली का?"

"हो."

"मग हिचं नाव," मावशी म्हणाली, आणि तिथे तिचा आवाज अडकला. वीस वर्षांत, सव्वीस भागांत तो कधी अडकला नव्हता. पाठीवर थाप बसल्याशिवाय आत्याच्या तोंडून नाव बाहेर पडत नाही, हे सासूबाईंना ठाऊक होतं. त्यांनी रीतीप्रमाणे बाईंच्या पाठीत एक सणसणीत थाप दिली.

"शरयू," बाई म्हणाल्या.

मी ध्वनिक्षेपक सोडवून घेतला आणि सांगितलं की हे नाव आवाजाचं आहे. शरयू आपटीकर. वीस वर्षं जिथे 'स्वतः' लिहिलेलं होतं, तिथे हे वाचायचं. एवढंच बोलले. त्यानंतर जे झालं त्याला टाळ्या म्हणता येणार नाहीत. लोक रांग लावून मंचावर चढले आणि एकेकाने येऊन आत्याची पाठ थोपटली. तात्यांनी आधी मला ओटीचा नारळ दिला, मग घड्याळ बघून चौदा हजाराची पावती फाडली. त्यांनाही घुगऱ्या दिल्या. 'इतर'वर आता आपण फेरविचार करू, म्हणाले.

पुढे स्मरणिका निघाली. तीत सरांनी वृत्तांत लिहिला, भोसेकर यांच्या प्रेरक संदेशावर दीड पान. तुपाचं नाव सात वेळा. बाईंचा उल्लेख 'एका ज्येष्ठ भगिनीने बालसुलभ आवाज काढून मनोरंजन केले' असा आहे. वन्सं अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. आणि आमची शरयू, बारा वर्षांची, परवाच म्हणाली की वर्गात तिघी अनाया आहेत आणि मीच एकटी आजी. बाई म्हणाल्या होत्याच.

त्या दिवशी चार वाजता हॉल रिकामा केल्यावर मी बाईंना फाटकापर्यंत पोचवायला गेले. पाच हजारांचं पाकीट त्यांनी मोजून घेतलं, सगळ्यांसमोर, एकेक नोट करून; मला ते फार आवडलं. फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. बसता बसता त्यांची नजर वर गेली.

चि. शरयू हिचे बारसे. सोनेरी अक्षरांवर ऊन पडलं होतं. रस्त्याने जाणारा एक सायकलवाला मान वळवून ते वाचत गेला.

बाईंनी एक पाय रिक्षात, एक रस्त्यावर अशा अवस्थेतच चष्मा लावला. डबीतून वहीचा कागद काढला, उलगडला आणि माझ्याकडे पेन मागितलं.

"आडनाव राहिलं," म्हणाल्या.

"बारशाच्या फलकावर आडनाव घालत नाहीत, बाई."

"पळवाट चांगली काढलीस. त्या तुझ्या सरांना शिकव जरा." त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि कलम एकपुढे बरोबरची खूण केली. बालवाडीच्या पाटीवर करतात तशी, मोठी, शेपटी लांबपर्यंत ओढलेली.